शालन, पाळणा परत पाठवलाय

शालन, गुरुवारी तो घरांचा एजंट बाबर आला होता. तुझं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता. दारात एम-एटी गाडी लावली, चपला काढल्या, तुझ्या फोटोला हात जोडले आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाला, "तात्या, वाईट वाटून घिऊ नका, पर रविवारी घराला एक गिऱ्हाईक आणतुया. कराडचं हाय, चांगलं हाय. फोटो तेवढा आतल्या खोलीत ठिवा. आन् त्यो पाळणा हाय का अजून? आसंल तर टांगा."

मी चहा ठेवतो म्हणालो आणि आत आलो. साखर कुठल्या डब्यात आहे ते मला अजून दोन डबे उघडल्याशिवाय सापडत नाही. चहा उतू गेला. बाबर तसाच अर्धा कप पिऊन गेला.

तू कुठं जन्मलीस, किती शिकलीस, हे लिहीत बसत नाही. ते पेपरात छापायला ठीक आहे. तुझं तुला ठाऊक आहे. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि त्यात चूक माझी होती हे कबूल करायला मला उशीर झाला. किती उशीर झाला ते फोटोला हार घातलेला दिसतो तेव्हा कळतं.

हे घर बांधलं तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेत निम्मी शेतंच होती. तुला आठवत असेल, मधल्या खोलीचा स्लॅब टाकताना गवंड्यानं कुणाला न विचारता कडी सोडली. "वैनी, पाळण्याची," म्हणाला. तू पदर सावरत आत गेलीस. दोन-तीन वर्षं तू त्या कडीला कशाला हात लावू दिला नाहीस. मग एका पावसाळ्यात मी साखर कारखान्यावरून आलो तर कडीपासून खिडकीपर्यंत दोरी बांधलेली आणि तीवर माझे दोन शर्ट, तुझं लुगडं, टॉवेल. मी बघितलं आणि हातपाय धुवायला गेलो. तू पोळ्या लाटत राहिलीस. त्यानंतर वीस-बावीस पावसाळे आपले कपडे तिथंच वाळले.

घर विकायचं तुझ्या मनात आलं. माझ्या मनात नव्हतं काही. माझं आपलं रिटायर झाल्यावर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवायची, इतपतच मनात होतं. तुला वाईला जायचं होतं. माहेरच्या आळीत दोन खोल्या मिळत होत्या, घाट जवळ होता. "एवढी वर्षं तुमच्या कारखान्याच्या भोंग्यावर उठले, आता देवळाच्या घंटेवर उठते," म्हणालीस. मी म्हटलं, उठायचंच हाय तर सांगली काय वाईट. तू म्हणालीस, "हाय नाही, आहे." सगळं आयुष्य तू माझं बोलणं दुरुस्त करत आलीस आणि मी एक अक्षर सुधारलो नाही. रहिमतपूरकडच्या माणसानं वाईची बायको करू नये, एवढंच मी शिकलो.

आपल्याकडं गिऱ्हाईक भिंती बघत नाही. विहिरीला पाणी किती, वीट कुठली, हे पण नंतर. आधी विचारतं, घर लाभलं का? म्हणजे या घरात लग्नं किती झाली, पोरं किती झाली, कुणाला नोकरी लागली. पहिली तीन गिऱ्हाईकं आली तेव्हा तू घर जसं होतं तसंच दाखवलंस. कडीला दोरी, दोरीवर टॉवेल. सगळ्यांना पोहे केलेस. एक बाई तर दोनदा पोहे मागून घेऊन जेवल्यासारखी बसली. मग त्यांनी विचारलं, "मुलं कुठं असतात?" तू सांगितलंस, मूलबाळ नाही. तिघंही पुन्हा फिरकले नाहीत. पोह्यांची तारीफ मात्र आळीभर झाली.

मग बाबर आला. "तात्या, घर बुजगावण्यावाणी उभं हाय. माणसं दिसाय पायजेत. बाळाची दुपटी दिसाय पायजेत." त्यानंच सुचवलं, रहिमतपूरहून पुतणसून संगीताला तान्ह्या बाळासकट चार दिवस बोलवा, पाळणा टांगा, आणि विचारलं तर सांगा, दोन मुलगे, दोघं पुण्याला, हा नातू. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते लय पटलं.

तुला नाही पटलं. तू तांदूळ निवडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "आहे तसं दाखवा. काट्यावर पस्तीस वर्षं कुणाच्या उसात पावशेर इकडं-तिकडं केलं नाहीत. आणि घरी येऊन हे?"

"काटा कारखान्याचा हुता. घर माझं हाय."

"माझं नाही?"

यावर मी काय बोललो ते आठवत नाही. शर्ट घालून बाहेर पडलो असेन. उत्तर नसलं की मी शर्ट घालतो हे तुला माहीत होतं.

तरी तू केलंस सगळं. माझ्यासाठी केलंस. डिस्टेंपर झाला, दोरी निघाली, एसटीच्या टपावरून आमच्या थोरल्या भावाचा जुना लाकडी पाळणा आला, पाठोपाठ संगीता बाळाला घेऊन आली. दुपारी बाळ झोपेना. तू संगीताला म्हणालीस, तू पड जरा, मी बघते. तुला अंगाईची एक ओळ येत नव्हती. तू चालीवर म्हणत होतीस, पोळी भात आमटी, आमटी भात पोळी. बाळ झोपलं, तरी तू दोरी ओढत राहिलीस. मी दारातून बघत होतो. तेव्हाच तो पाळणा काढून ठेवायला पाहिजे होता. मी मात्र मनात म्हणालो, बाबर हुशार आहे.

गिऱ्हाईक विट्याचं होतं. त्यांचं लांब दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळायचं दुकान, विट्यात मोठं घर, आणि आता सांगलीत एक हवं होतं. सासू, मुलगा, सून. सासूनं पाळणा बघितला आणि तिचा चेहराच उजळला. जुनं घर लाभत नाही म्हणून नवं बघतोय म्हणाली. सुनेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सून खाली मान घालून बसलेली, गळ्यात ते सगळं सोनं. सासूनं तुला विचारलं, तू सांगितलंस. दोन मुलगे, दोघं पुण्याला, हा नातू. जराही अडखळली नाहीस. मग ती बाई म्हणाली, "ताई, आमच्या सुनंची वटी भरा तुमच्या हातानं. लेकुरवाळीचा हात लागू दे तिला."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. संगीताच्याच डोहाळजेवणात तुला काय केलं होतं ते मला माहीत होतं. ओटी भरायला लेकुरवाळ्या बोलावल्या, आणि तू आत पुऱ्या तळत होतीस. "काकूंच्या हातच्या पुऱ्या फुगतात," म्हणून सगळ्यांनी तुला आतच ठेवलं. अशी किती डोहाळजेवणं तू चुलीपाशी काढलीस, मी मोजली नाहीत. मी बाहेर पुरुषांच्या पंगतीत बसून त्याच पुऱ्या खाल्ल्या.

तू आत गेलीस. सुपात तांदूळ, नारळ आणि तुझ्या पेटीतला हिरवा खण घेऊन आलीस. त्या पोरीनं पदर पसरला. ओटीत घालताना निम्मे तांदूळ खाली सांडले. पोरगी तुझ्या पाया पडली आणि रडायला लागली. तू तिला उठवलंस, तिच्या डोक्यावरनं हात फिरवलास. गुरुवारी बोलणी पक्की करायला येतो म्हणून ते गेले. बाबर मला कोपरानं ढोसत होता.

त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस. संगीता दुसऱ्या दिवशी बाळ घेऊन गेली, पाळणा तसाच राहिला. तू म्हणालीस, "त्या पोरीला खरं सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, "कशापायी? घर चांगलं हाय. तिला पोर व्हायचं आसंल तर हुईल."

"आणि नाही झालं तर? एवढ्या लाभलेल्या घरात आणली, लेकुरवाळीनं ओटी भरली, तरी कूस उजवली नाही. मग काय म्हणतील तिला? जुन्या घरात निदान घराला बोल लावता येतो. इथं आल्यावर सगळा बोल तिलाच."

"तिचं तिचं नशीब. तुला काय करायचंय?"

तू माझ्याकडं बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, चिडली.

बुधवारी मी पेन्शनच्या कामाला गेलो आणि तू एकटी तासगाववरनं विट्याची एसटी धरून गेलीस. गुडघे दुखतात म्हणून मंडईत रिक्षानं जाणारी बाई. दिवेलागणीला आलीस, पायावर पाणी घेतलंस आणि म्हणालीस, "सांगून आले. सासूनं पाणी सुद्धा विचारलं नाही. सून तेवढी दारापर्यंत आली होती." ती दारात तुला काय म्हणाली ते तू सांगणार होतीस बहुतेक. मी तुला सांगू दिलं नाही. मी ओरडायला लागलो होतो.

ते वाक्य मला आता लिहायलाच पाहिजे. तुला ते पाठ असणार. मी म्हणालो, "जल्मभर एक पोर दिलं न्हाईस, एक घर तरी इकू द्यायचं हुतंस."

तू पान वाढलंस. "आमटीत मीठ बघा," म्हणालीस. मी बघितलं, मीठ बरोबर होतं.

त्यानंतर तू पाच आठवडे होतीस. आपण बोलत नव्हतो असं नाही. दूध आलं का, लाईट गेली, कोपऱ्यावर नवीन एसटीडी बूथ निघालाय, तिथनं वाईला फोन लावायचा का. सगळं बोललो, तेवढं एक सोडून. रोज वाटायचं, आज चुकलं म्हणू. मग वाटायचं, तू विसरली असशील. एका दुपारी तू जरा पडलीस ती उठली नाहीस, तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. आत येऊन चहा मागितला. दोनदा मागितला.

आता मिरजेचं. तुझ्या-माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही, आणि आपण दोघांनी एकमेकांसमोर एकदाही काढलं नाही. लग्नाला पाचवं वर्ष असेल. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तुला सगळं तपासलं, आणि मला आत बोलावून सांगितलं, "बाईंचं सगळं व्यवस्थित आहे. पुढच्या सोमवारी तुम्ही या, तुमची तपासणी करू." बाहेर रसवंतीवर तू विचारलंस, "जाल ना?" मी म्हणालो, बघू. सोमवारी गळीत हंगाम होता, काट्यावर सुट्टी मिळत नव्हती. त्याच्या पुढच्या सोमवारी पण हंगामच होता. हंगाम संपला, पाऊस आला, तू विचारायची थांबलीस. मग कधीतरी तू कडीला दोरी बांधलीस.

माझी आई तुला नको नको ते बोलली. थोरली वहिनी बोलली. कुणी तुला पिंपळाला फेऱ्या घालायला लावल्या, कुणी अंगारे दिले. तू फेऱ्या घातल्यास. एक शब्द बोलली असतीस तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. "ह्यांना विचारा, मिरजेला गेले का?" एवढंच. तू ते आईला सांगितलं नाहीस, माहेरी सांगितलं नाहीस, आणि मी ते घाणेरडं वाक्य बोललो त्या संध्याकाळीही माझ्या तोंडावर मारलं नाहीस. सगळा बोल तिलाच, असं तू त्या विट्याच्या पोरीबद्दल म्हणालीस, तेव्हा तू माझ्याकडं एवढा वेळ का बघत होतीस, हे मला तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी घाटावर अस्थी वेचताना कळलं. लोकांना वाटलं, तात्या बायकोसाठी रडतोय. रडत होतोच. पण निम्मं रडणं लाजेचं होतं.

तर पाळणा. शुक्रवारी मी तो खांद्यावर टाकून स्टँडवर गेलो आणि साताऱ्याच्या गाडीवर चढवला. पुतण्या सातारा स्टँडवर उतरवून घेणार होता. कंडक्टरनं विचारलं, "पोरगं मोठं झालं व्हय, तात्या?" मी म्हटलं, व्हय. बघ, सवय जात नाही. फोटो मात्र हलवला नाही. हार ताजा घातला. शनिवारी घर झाडलं, मला जमेल तेवढं. कोपऱ्यातली जळमटं राहिली असतील, तू आता हसशील.

काल ते कराडचे नवरा-बायको आले. माणसं चांगली होती. तो गच्चीवर जाऊन आला, नळ सोडून बघितले. बाई तुझ्या फोटोपाशी थांबली. "या कोण?"

"माझी बायको. मागच्या महिन्यात गेली. ह्याच घरात, ह्या आतल्या खोलीत."

बाबर खोकायला लागला. बाईनं विचारलं, "मग मुलं असतील ना येऊन-जाऊन?"

"मूलबाळ न्हाई आमाला."

ती हळू आवाजात म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, "अगंबाई. यांच्यातच काही होतं का?"

शालन, हा प्रश्न मी आयुष्यभर भिंतीआडून ऐकला. लग्नात, बारशात, हळदीकुंकवाला. तुला विचारायच्या, तू म्हणायचीस, "देवाची मर्जी," आणि मी पलीकडच्या खोलीत पान चघळत बसायचो. काल तू भिंतीवर होतीस आणि उत्तर द्यायला मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "न्हाई. तिच्यात काय न्हवतं. मिरजंला डॉक्टरीणबाईंनी तपासलं हुतं, तिचं समदं चांगलं हुतं. तपासणी माझी राह्यली. मी भ्यालो आन् गेलोच न्हाई. लोकं तिला बोलली, मी बोलू दिलं."

त्या बाईनं नवऱ्याकडं बघितलं, नवरा घड्याळ बघायला लागला. विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. कळवणार नाहीत. बाबर पायरीवर थांबला, एम-एटीची किल्ली हातात, तोंड लालबुंद. "आवं तात्या, तुमाला घर इकायचंय का पाप धुवायचंय? एकदा काय त्ये ठरवा आन् मला सांगा. माझा पण धंदा हाय." त्याचंही बरोबर आहे. मी त्याला सांगितलं, पुढच्या गिऱ्हाइकाला पण असंच सांगणार. परवडत असेल तर आण, नाहीतर नको आणू. तो किक मारून गेला.

घर विकलं तर असंच विकलं जाईल, नाहीतर राहील. वाईच्या दोन खोल्यांचं काय करायचं ते कळत नाही. तिथं सगळी तुझी माणसं, मी कुणाचा? घाटावर जाऊन एकटा बसलो तर चौघं विचारणार, शालनचा नवरा का? तेवढंच ऐकायला कदाचित जाईन.

गिऱ्हाईक गेलं की ते काय म्हणालं ते सांगायला मी आत यायचो, तू कपबशा विसळत ऐकायचीस. काल पण आलो. कुणी चहा घेतला नव्हता, तरी आलो. गॅसपाशी उभा राहून म्हणालो, "शालन, मी सांगितलं त्यास्नी." मोठ्यानं म्हणालो. मग तिथंच उभा राहिलो. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला पक्कं ठाऊक आहे. वर न बघता म्हणाली असतीस, "राहू द्या आता." पाच आठवडे हातात होते. एकदा बोललो असतो तर तेवढं तुझ्या तोंडून ऐकायला मिळालं असतं.